बाजूला काढलेल्या माद्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिला मी माझी सगळी कुलंगडी सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित तोंड उघडेल. मला बडबडायची सवय आहे. मध्येच मी भलतंच काही सांगायला लागले, तर समजा की अवघड जागा जवळ आलीये आणि मी टाळतेय.

मी नाशिकला एका फार्मसी कॉलेजात शिकवते. औषध पोटात गेल्यावर काय करतं ते पोरांना सांगते, आणि त्याआधी बरीच वर्षं तेच उंदरांना विचारत आले. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. सासूबाई चांदवडकडच्या, आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "आमची धाकली सून उंदरांची डाक्टरीण हाय." माणसं हसायची. मीही हसायचे. पण मला ते टोचायचं हो. एवढं शिकून घरात माझी किंमत काय, तर उंदरांची डाक्टरीण!

नाशिक रोडला कॉलनीत आमचं दोन मजली घर आहे. खाली माझे मोठे दीर — आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो — त्यांची बायको सुनीतावहिनी, मुलगी ऋतुजा आणि सासूबाई. वर आम्ही दोघं. चूल एकच, खालची. आणि चूल एक म्हणजे वहिनी एकटी, हे तुम्हाला सांगायला नको. मी कॉलेजातून यायचे ती आयत्या ताटावर. वहिनीनं कधी एका शब्दानं टोमणा मारला नाही. फक्त म्हणायची, "आधी हात धू गं. उंदरांना लावलेले हात भाकरीला नको लावूस." आणि मी हात धुऊन येईपर्यंत माझ्या भाकरीवर तूप घातलेलं असायचं. मी तिला 'अहो वहिनी' म्हणायचे, पण मनात ती मला बहिणीहून जवळची होती. म्हणजे मी तसं समजत होते. जवळच्या माणसाशी कुणी असं वागतं का — ते तुम्ही पुढे ठरवा.

दादा सातपूरला एका कंपनीत होते. तिथं माणसं कमी केली, त्यात दादा घरी बसले. शिफ्ट करणारा माणूस दिवसभर घरात बसला की काय होतं, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. वहिनीच्या कुकरच्या शिट्ट्यांवरसुद्धा चिडायचे. मग कर्नाटकातल्या एका जुन्या मित्रानं त्यांना एक पोतं धाडलं. आत काय, तर कॉफीच्या फळाची वाळलेली सालं.

कॉफी आपण पितो ती बी. त्या बीवर लाल फळ असतं, करवंदाएवढं. बी काढून घेतात आणि साल-गर फेकून देतात, ढीगच्या ढीग. तीच सालं वाळवून उकळली की लालसर, आंबटगोड पेय होतं. कॉफीसारखं अजिबात लागत नाही, मनुकांच्या पाण्यासारखं लागतं. दादांच्या डोक्यात आलं, याच्या पुड्या करून विकायच्या. मित्र म्हणाला होता, पोट साफ राहतं. दादांना पुडीवर छापायचं होतं — पचनाला उत्तम, चाचणी केलेलं. आणि एका संध्याकाळी जेवताना ते मला म्हणाले, "अर्चना, तुझ्या उंदरांना पाजून बघ की जरा."

मला काय वाटलं सांगू? लग्न झाल्यापासून या घरात पहिल्यांदा कुणाला माझ्या विद्येची गरज पडली होती. मला भाकरी धड थापता येत नाही, पुरणपोळी फाटते — पण हे मला येत होतं. सासूबाईसुद्धा त्या दिवशी 'डाक्टरीण' म्हणताना हसल्या नाहीत.

कॉलेजात रीतसर परवानगी घ्यावी लागते. तिथं मी काय केलं ऐका. आमच्या धंद्यात सहसा नर उंदीरच घेतात. का? तर माद्यांचं चक्र असतं, त्यामुळे निकाल वर-खाली होतात, काम वाढतं. मी समितीपुढे तावातावानं बोलले — पेय काय फक्त पुरुष पिणार आहेत का? बायकांना पोट नसतं का? माद्या घेतल्याच पाहिजेत! परवानगी मिळाली. मी घरी येऊन वहिनीला हे रंगवून सांगितलं, आणि तिनं हसत माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंस. उंदरांत तरी बायकांना कुणी विचारलं!"

तर असे दोन्हीकडचे पिंजरे लागले. एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला माद्या. वाकडी, बोथट तोंडाची सुई असते. ती घशातून अलगद पोटापर्यंत न्यायची आणि पेय सोडायचं. मग पिंजऱ्याखाली टिपकागद अंथरायचा आणि लेंड्या मोजायच्या. हसू नका. तुम्ही घेता त्यातल्या कितीतरी गोळ्या कुणीतरी आधी अशाच लेंड्या मोजून तुमच्यापर्यंत पाठवल्यात.

नर झकास होते. खात होते, पोट साफ, अंगावर तुकतुकी. दादांना हवं होतं तेच, अगदी तसंच. आणि माद्या —

माद्यांनी खाणं कमी केलं. कागदावर लेंड्या थोड्या, कडक. हातात धरलं की पोट ताठ लागायचं, फुगलेलं. एक कोपऱ्यात पाठ वाकवून बसायची, तशी मग बाकीच्याही बसायला लागल्या. उंदीर ओरडून सांगत नाही, दुखतंय म्हणून. तो असा बसतो. इतकी वर्षं हात लावल्यावर ते बसणं मला कळतं.

मी काय केलं? मी स्वतःला म्हटलं, चक्र असतं. वर-खाली व्हायचंच. ज्या कारणावरून मी समितीत भांडले होते, तेच कारण मी सुबकपणे उचललं आणि माद्यांच्या अंगावर टाकलं. त्यांचे पिंजरे नोकराला सांगून दुसऱ्या भिंतीला लावले. अहवालात लिहिलं — उंदरांवर चाचणी केली, पचनावर चांगला परिणाम दिसला. उंदीर! नर की मादी, कोण विचारतंय?

इथं एक गोष्ट आठवते आणि मला माझीच लाज वाटते. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात पाळीच्या दिवसांत बायकांना बाजूला बसवायचे. खालच्या पडवीत, वेगळं ताट, वेगळं अंथरूण. मी ते मोडलं. सासूबाईंशी कडाक्याचं भांडले, आठवडाभर अबोला धरला, पण मोडलं. वहिनी तेव्हा मोरीत जाऊन रडली होती, आनंदानं. आणि त्याच मी कॉलेजात, त्याच कारणावरून, जिवंत माद्या उचलून बाजूला बसवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी दटावलं नव्हतं.

अजून एक सांगायचं राहिलं. सांगायचं राहिलं कसलं — मी टाळत होते. मी ती चाचणी पुन्हा केली होती. नव्या माद्या, नवं पेय, चक्र बघून, सगळं नीट. मनात होतं की या वेळी काही निघणार नाही आणि मी सुटेन. पुन्हा तेच झालं. तीच ताठ पोटं, तसंच वाकून बसणं. म्हणजे 'वर-खाली होतंच' हा बहाणाही माझ्याकडे उरला नव्हता. तरी मी तोंड उघडलं नाही. दादांनी तोवर पुड्यांचा मजकूर छापायला टाकला होता आणि घरात मला मान मिळत होता. एवढंच. एवढ्यासाठीच.

दादांनी घरातला सकाळचा चहा बंद केला. आपणच पीत नाही तर लोकांना काय सांगणार, असं म्हणायचे. ते स्वतः आणि माझा नवरा मोठ्या ऐटीत प्यायचे आणि काही म्हणजे काही व्हायचं नाही त्यांना. सासूबाईंनी सरळ सांगितलं, "मला आपला च्याच बरा. म्हातारपणी नवी थेरं नाय पाहिजेत." त्यांना कोण बोलणार? उरली वहिनी. ती पेय उकळायची, चव घ्यायची — आंबट झालंय का, पातळ झालंय का — आणि ती चव पहाटेच, रिकाम्या पोटी. वहिनीचे उपास तर विचारू नका. सोमवार, चतुर्थी, एकादशी. सासूबाईंनी एकदा विचारलं, "हे उपासाला चालतंय का गं?" आणि मी म्हणाले, "न चालायला काय झालं? फळाचंच साल आहे." मग उपासाच्या दिवशी तर दिवसभर तेच.

आधी तिनं मलाच सांगितलं. कणीक मळता मळता, अगदी सहज. "अर्चना, पोटात गोळा आल्यावाणी होतंय गं. साफच होत नाय. ब्लाउज घट्ट होतोय संध्याकाळी." मी म्हणाले, "पाणी कमी पिता तुम्ही, वहिनी." तिनं पाणी वाढवलं. पुन्हा सांगितलं. मी म्हणाले, "जरा चालत जा." ती चालायला लागली. काय काय सांगत होते मी तिला! एक वाक्य सोडून सगळं.

मग तो रविवार. दादांनी एका दुकानदाराला घरी बोलावलं होतं. चांगला माल ठेवणारं दुकान होतं त्याचं, त्यानं घेतलं असतं तर दादांचं नाव झालं असतं. कप आले. तो माणूस हौसेनं वहिनीला म्हणाला, "ताई, तुम्ही पण घ्या की आमच्याबरोबर." आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "नको बाई, मला नाय झेपत ते. पोट फुगतं माझं."

दादांचा चेहरा उतरला. पाहुणा 'बघतो, कळवतो' म्हणत चपला घालून गेला. तो गेल्यावर दादा स्वयंपाकघरात आले. त्यांना राग आला होता, आणि रागाखाली भीती होती, ती मला दिसत होती. घरी बसलेल्या माणसाची भीती. ते वहिनीला म्हणाले, "तुझंच पोट कसं गं दुखतं? आमचं कुणाचं नाही दुखत!" आणि मग माझ्याकडे वळले. "तू तर टेस्ट केलीस ना? निघालं का काही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दादा, माझा नवरा, दारात सासूबाई. ऋतुजा तेव्हा लहान होती, ती ओट्याखाली डबे मांडून खेळत होती. आणि वहिनी. वहिनी तर अशी बघत होती — आशेनं. आता अर्चना सांगेल. अर्चनाला ठाऊक असणार.

मी म्हणाले, "नाही निघालं काही. उंदरांना काहीसुद्धा झालं नाही, वहिनी. कधीकधी असं मनाचं असतं."

हेच ते. एवढंच वाक्य. ज्यासाठी मी इतकी लांबून आले.

वहिनीनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "असेल बाई. तू शिकलेली आहेस." ओट्यावर तिच्या वाटचा कप तसाच होता. तो तिनं उचलला आणि आमच्या सगळ्यांसमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. दादा मवाळ झाले. माझा नवरा म्हणाला, "बघ, झालं का काही?" सगळे हसले.

तुम्हाला वाटेल, हिला खात्री नसेल. घाबरली असेल, गोंधळली असेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण मी स्वतः ते पेय पीत नव्हते. माद्यांची पोटं हातात धरल्यापासून एक घोट घेतला नव्हता मी. माझा कप रोज वर न्यायचे आणि मोरीत ओतायचे, वर पाणी सोडायचे, लाल डाग राहू नये म्हणून. खाली येऊन म्हणायचे, छान झालंय हो आज. आता बोला. माझ्या पोटापुरती मला पक्की खात्री होती.

त्या रविवारनंतर वहिनीनं कधी तक्रार केली नाही. पण घरात वाक्य रुळलं. वहिनी लग्नात कमी जेवली — "सुनीताचं मनाचं." वहिनी दुपारी जरा आडवी झाली — "मनाचं." जावा-नणंदा एकत्र आल्या की कुणीतरी टपली मारायचंच, आणि वहिनी सगळ्यांत आधी हसायची. दादा प्रेमानंच तिला एका डॉक्टरकडे घेऊन गेले; त्यांनाही दादांनी हेच सांगितलं, आणि तिला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. बरेच दिवस ती सकाळी जड डोळ्यांनी भाकऱ्या थापायची. मी ताटावर बसायचे. तूप असायचंच.

पेय चाललं नाही. लोक नवलाईनं एकदा घ्यायचे, परत येत नसत. दादांनी हळूहळू ते आवरलं आणि सातपूरला स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. ते बरं चाललंय. घरात पुन्हा चहा सुरू झाला. वहिनीचं पोट ताळ्यावर आलं असणार. असणार म्हणते, कारण विचारलं कुणी? आणि ती सांगणार थोडीच होती?

इथंच थांबलं असतं तर मी बहुतेक हे तुमच्यापर्यंत आणलंच नसतं. बघा, कशी आहे मी.

या वर्षी ऋतुजा अकरावीला गेली. मध्ये एकदा सुट्टीच्या दिवशी ती पोट धरून पलंगावर मुटकुळं करून पडली होती. मी वरून खाली येत होते. आत वहिनी तिच्या केसांतून हात फिरवत होती, मायेनं, आणि सांगत होती, "काही नसतं गं ते. मनाचं असतं. मलापण व्हायचं. तुझ्या काकूनं टेस्ट केलीये, विचार तिला."

मी जिन्यात उभी राहिले. माझं वाक्य होतं ते. इतक्या वर्षांनी, शब्दही न बदलता, ती ते पोरीला देत होती. आणि बोलता बोलता तिचा दुसरा हात स्वतःच्या उजव्या बरगडीखाली दाबलेला होता. मग मला आठवायला लागलं, हा हात मी तिथं बरेचदा पाहिलाय. उठताना, वाकताना, कुणी बघत नाही असं तिला वाटतं तेव्हा. पाहिला होता आणि बघितला नव्हता.

मी दोघींना रिक्षात घातलं आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनी वाटभर म्हणत होती, मला कशाला, पोरीला दाखव. ऋतुजाचं साधं निघालं, औषध मिळालं. मग मी म्हणाले, यांनाही तपासा. बाईंनी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. समजतंय का तुम्हाला? आपल्याला दुखतंय की नाही, हे ती मला विचारत होती. पन्नाशीला आलेली बाई, जिनं आख्खं घर ओढलं, ती स्वतःच्या पोटाचं काही बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "सांगा ना, वहिनी."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. खूप जुने, भरपूर. बाई रागावल्या — "इतकं अंगावर काढलंत? दुखलं नाही का कधी?" वहिनी ओशाळून म्हणाली, "दुखायचं. पण मला वाटलं, मनाचं असेल." ऑपरेशन झालं. पित्ताच्या पिशवीत पू होऊ लागला होता, थोडं अजून थांबला असतात तर जीवावर बेतलं असतं, असं त्या म्हणाल्या. दादा दवाखान्याच्या जिन्यावर बसून हुंदके देत रडले.

खड्यांचा आणि त्या पेयाचा काही संबंध नाही. हे मी औषधं शिकवणारी बाई म्हणून सांगू शकते. पण म्हणून मी सुटत नाही. ती गप्प बसली ती माझ्या वाक्यामुळे. माझ्या हातात तिच्या बाजूचा पुरावा होता, जिवंत, धडधडता. तिचं पोट खरं बोलत होतं, हे जगात एकट्या मला माहीत होतं.

आता वहिनी बरी आहे. हिंडते, फिरते, आलंगेलं बघते. तब्येतीची चौकशी करायला नातेवाईक येतात तेव्हा ती मला मुद्दाम खाली हाक मारते. सगळ्यांसमोर माझा हात धरते आणि सांगते, "हिनं धरून नेलं म्हणून वाचले मी. सख्खी बहीण नाय करणार एवढं." बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. सासूबाई डोळ्यांना पदर लावतात.

आणि मी म्हणते, "अहो वहिनी, त्यात काय एवढं."